सोनार, सोनोग्राफी आणि एक छोटे छिद्र

नातीच्या बारशाच्या सकाळी पालघरच्या बाजारातून सोनार आला. कोळगावात आता जिल्ह्याचे मुख्यालय उभे राहिले आहे. जिथे भातखाचरे आणि गवताची कुरणे होती तिथे कलेक्टर कचेरीची भव्य इमारत आहे आणि पालघर-बोईसर रस्त्यावरची वर्दळ रात्री अकरापर्यंत थांबत नाही. पण बाराव्या दिवशी कान टोचायला सोनारच लागतो, हा आमच्या घरातला नियम जिल्हा झाल्यानेही बदललेला नाही. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, जावई नाशिकहून पहाटे निघून वेळेवर पोहोचले होते, आणि आमची ही वाटीत हळद-तेल घेऊन तयार बसली होती.

सोनाराने उजवा कान टोचला. तार वळवली. मग डावा कान हातात घेऊन तो थबकला.

"काका, हिला एक भोक देवानेच पाडून पाठवलंय की."

आम्ही सगळे वाकलो. पाळीत नव्हे, तर कान जिथे गालाला मिळतो तिथे वरच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढे एक छिद्र होते. बारा दिवस तिला न्हाऊमाखू घालणाऱ्या तिच्या आजीलाही ते दिसले नव्हते. लेकीचा चेहरा उतरला. सोनार मात्र निवांत होता. "अशी पुष्कळ बघितली. माझ्या पुतण्यालाही आहे. फक्त तिथे बोट घालू नका, पिळू नका, तेल ओतू नका. पिकलं तर डॉक्टरकडे जा. नाहीतर विसरून जा," असे सांगून त्याने डावी पाळ टोचली, दक्षिणा घेतली आणि चहा पिऊन तो गेला.

सोनारानेच कान टोचावे, अशी आपल्याकडे म्हणच आहे. ज्याचे काम त्यानेच करावे, आणि खरी गोष्ट अधिकारी माणसाने सांगितली तरच ती पटते, असा तिचा अर्थ. त्या दिवशी सोनाराने आमचे कान टोचले होते. आम्ही ते मनावर घेतले नाही, हा दोष त्याचा नव्हे.

दोष माझा. संध्याकाळी पेढे घ्यायला आलेले एक शेजारी, तारापूरला आयुष्यभर तांत्रिक नोकरी केलेले आणि म्हणून आमच्या आळीत शास्त्राचे प्रतिनिधी मानले गेलेले, सहज बोलून गेले की कानाजवळ असे भोक असले की मूत्रपिंडातही दोष असू शकतो. कान आणि किडनी गर्भात एकाच वेळी तयार होतात, म्हणून सोनोग्राफी करतात. मी जन्मभर बँकेत काढला. कागद अपुरा दिसला की झोप लागत नाही, ही माझी जुनी व्याधी. दुसऱ्या दिवशी मी लेकीला घेऊन डॉक्टरांपुढे हजर झालो. त्यांनी बाळ उघडे करून नखशिखांत पाहिले, तीन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाले, "गरज वाटत नाही." मी म्हटले, "पण करून टाकायला हरकत काय?" त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि चिठ्ठी लिहून दिली. हल्ली पांढऱ्या केसांच्या आजोबांशी वाद घालण्यापेक्षा चिठ्ठी लिहिणे डॉक्टरांना स्वस्त पडते.

"हरकत काय?" हाच या लेखाचा विषय आहे. कानाजवळ एवढेसे छिद्र, किंवा मांसाची एवढीशी गाठोळी असलेल्या, बाकी धडधाकट बाळाची किडनीची सोनोग्राफी करावी की नाही? प्रश्न छोटा दिसतो. पण हजार बाळांमागे सहा-सात जणांना असे काहीतरी असते, म्हणजे प्रत्येक गावात, प्रत्येक मोठ्या कुटुंबात ते कुठे ना कुठे सापडणारच. आशिया आणि आफ्रिकेतल्या काही लोकसमूहांत तर ते शंभरात चार-पाच जणांना असते. तुम्हीही हा अंक बाजूला ठेवून घरातल्या मंडळींचे कान बघा.

आमच्या सोनोग्राफीत काय निघाले ते आधी सांगतो. डाव्या मूत्रपिंडात, जिथे लघवी गोळा होऊन नळीत उतरते त्या भागात, "किंचित फुगवटा". सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे. बँकेत ज्या रकमेचा जमा-खर्च लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. ती रक्कम पाच रुपये का असेना, तपासणीस आला की सगळ्यांचे डोळे तिच्यावरच. तसे आमचे झाले. पोर दूध पीत होते, वजन धरत होते, हसायला लागले होते. पण घरात बोलणे एकच, फुगवट्याचे. लेक लंगोट ओला झाला की बघे आणि कोरडा राहिला तरी बघे. जावयांनी नाशिकहून दोनदा रजा टाकली. दुसऱ्या तपासणीत फुगवटा तेवढाच. एका मोठ्या डॉक्टरांनी सुचवले की लघवीच्या जागेतून नळी घालून, औषध सोडून एक्स-रे काढता येईल, म्हणजे लघवी उलटी चढते का ते कळेल. ते ऐकून माझी लेक रडली आणि मी पहिल्यांदा ओशाळलो. सुदैवाने त्यांनीच थांबून बघू म्हटले. दहाव्या महिन्यात फुगवटा गेला होता. असे सौम्य फुगवटे नवजात बालकांत नेहमी दिसतात आणि बहुतेक आपोआप जातात, हे मला तेव्हा कळले. ज्यांच्या कानाला छिद्र नसते अशा बाळांतही ते दिसतात, हेही.

त्यानंतर मी वाचायला लागलो. मी डॉक्टर नाही; पण कर्जाच्या अर्जातले शब्द बाजूला सारून आकडा शोधण्याची सवय आहे, आणि वैद्यकाच्या निबंधांतही ती उपयोगी पडते.

कान आणि मूत्रपिंड यांची सांगड कुठून आली? १९४६ साली शिकागोच्या एडिथ पॉटर या विदुषीने, दोन्ही मूत्रपिंडे नसलेल्या अर्भकांच्या चेहऱ्याचे वर्णन केले. त्या दुर्दैवी बाळांचे कान मोठे, चपटे आणि खाली सरकलेले असत. १९५७ मध्ये हिल्सन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये, कानाची विकृती ही मूत्रमार्गाच्या विकृतीची खूण समजावी अशा अर्थाचा निबंध लिहिला. तिथून ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत शिरली. पण पॉटरबाईंच्या बाळांचे कान तसे का होते, हे पुढे उलगडले. गर्भाची लघवी हेच गर्भजलाचे मोठे साधन असते. मूत्रपिंडेच नाहीत म्हणजे लघवी नाही, लघवी नाही म्हणजे पाणी नाही, आणि पाणी नसले की गर्भाशयाच्या भिंती बाळाला चेपतात. कान चेपले जात होते ते असे. आमच्या नातीच्या सुईच्या टोकाएवढ्या छिद्राचा त्या दाबाशी काही संबंध नाही.

शेजाऱ्यांचे दुसरे म्हणणे असे की दोन्ही अवयव एकाच सुमारास बनतात. हे खरे आहे. गर्भाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात हे दोन्ही कारखाने सुरू होतात. बाहेरचा कान सहा छोट्या उंचवट्यांच्या जुळणीतून तयार होतो आणि ती जुळणी कुठे एखाद्या टाक्याने चुकली की छिद्र राहते. पण त्याच आठवड्यांत हृदय, हात-पाय, डोळे असे बहुतेक सगळेच घडत असते. एकाच महिन्यात उघडलेल्या दोन खात्यांपैकी एकात एक अक्षर चुकले म्हणून दुसरे बुडीत निघेल, असे कोणी म्हणत नाही.

मात्र इथे एक अपवाद आहे, आणि तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणून तो लपवून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ऐंशीच्या दशकात मी ज्या शाखेत होतो तिथे एक सहकारी थोडा कमी ऐकत असे. काउंटरवर गिऱ्हाईक ओरडून बोले आणि बाकीचे हसत. त्याच्या दोन्ही कानांजवळ अशी छिद्रे होती. मानेवरही, गळ्याच्या बाजूला, एक बारीक भोक होते आणि त्यातून कधी कधी पाणी येई. तो रुमालाने टिपत असे. त्याच्या मुलीच्या कानाजवळही छिद्र होते आणि तिलाही कमी ऐकू येई. ती एकोणीस वर्षांची असताना तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळले. तोवर फार उशीर झाला होता. त्या घरात कानाचे डॉक्टर वेगळे होते, मानेच्या भोकाचे वेगळे, आणि मुलीच्या सुजलेल्या पायांचे वेगळे. तीन नोंदी तीन खातेवह्यांत पडून होत्या. त्यांची बेरीज कोणी केली नाही.

या आजाराला आता नाव आहे. कान, मान आणि मूत्रपिंड या तिन्हींत दोष आणणारा हा आनुवंशिक विकार अमेरिकेतल्या मेल्निक आणि कॅनडातल्या फ्रेझर या संशोधकांनी सत्तरीच्या दशकात ओळखला. त्याला ब्रँकिओ-ओटो-रीनल सिंड्रोम म्हणतात. १९९७ साली त्याचे एक जनुक सापडले. गंमत म्हणजे ते फळमाशीतल्या एका जनुकाचे भावंड निघाले. ते बिघडले की माशीला डोळेच येत नाहीत. हा विकार सुमारे चाळीस हजारांत एकाला होतो, असा अंदाज आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाला असला तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी असते.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. छिद्र हजारात सहा-सात जणांना. तो विकार चाळीस हजारांत एकाला. म्हणजे छिद्र असलेल्या दोन-तीनशे मुलांतला एखादाच माझ्या सहकाऱ्याच्या घरातला. त्याला शोधायचेच आहे. पण कसे? दोन-तीनशे पोटांवर जेली लावून, की दोन-तीनशे आयांना चार प्रश्न विचारून? माझ्या सहकाऱ्याला कोणी एवढेच विचारले असते, की "तुमच्या घराण्यात आणखी कोणाला कानाजवळ भोक आहे? कोणी बहिरे आहे? कोणाची किडनी गेली आहे?", तर त्या मुलीची सोनोग्राफी पाळण्यात असतानाच झाली असती, आणि ती करणे योग्यच ठरले असते.

अभ्यासकांत या बाबतीत मतभेद होते, हे मान्य केले पाहिजे. २००० साली इस्राएलमधल्या दोन डॉक्टरांनी कानाजवळ गाठोळी असलेल्या लागोपाठच्या ७० बाळांची सोनोग्राफी केली. सहा जणांत मूत्रमार्गाचा काहीतरी दोष दिसला. गाठोळी नसलेल्या ६९ बाळांत एकही नाही. म्हणून, सर्वांची करावी, असे त्यांनी लिहिले. २००१ साली लॉस एंजलिसच्या एका गटाने कानाचे दोष असलेली ४२ मुले पाहिली आणि त्यांतल्या बारा जणांत मूत्रपिंडाचे दोष आढळले. हा आकडा धक्का देतो. पण ती मुले जनुकतज्ज्ञांकडे आलेली होती. नुसत्या छिद्रासाठी तिथे सहसा कोणी जात नाही. वसुली विभागात बसून पाहिले तर प्रत्येक कर्जदार बुडवा दिसतो, तसे ते आहे. त्या गटाने स्वतःच शहाणपणाचा नियम सांगितला: बाळात दुसरा काही दोष किंवा चेहऱ्याची वेगळी ठेवण असेल, घराण्यात बहिरेपण किंवा कानाचे-मूत्रपिंडाचे जन्मदोष असतील, किंवा आईला गरोदरपणात मधुमेह झाला असेल, तर सोनोग्राफी करावी. नुसत्या छिद्रासाठी नको.

मग २००६ मध्ये इंग्लंडमधून एक निबंध आला. त्यावरच्या दोन नावांतले पहिले आडनाव देशपांडे पाहून मला उगाचच आपल्या माणसाने पत्र धाडल्यासारखे वाटले. त्यांनी निवडक मुले घेतली नाहीत. लागोपाठच्या १३,१३६ जन्मांमधून, ज्यांना फक्त कानाजवळ छिद्र किंवा गाठोळी आहे आणि दुसरे काहीही नाही, अशी बाळे वेगळी काढली. ती ९६ भरली. त्यांच्या सोनोग्राफीतून जे निघाले त्यावरून त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच निकाल दिला: अशा बाळांना मूत्रपिंडाच्या सोनोग्राफीची गरज नाही. मला हा अभ्यास जास्त पटतो, कारण माझी नात त्याच रांगेतली होती.

आता पुन्हा त्या आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ. गरज नसेल, पण हरकत काय? सुई नाही, किरणे नाहीत. पाच मिनिटांचे काम.

१९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर या दोघांनी एक छोटे पुस्तक लिहिले. निरोगी दिसणाऱ्या माणसांची सरसकट तपासणी करण्याआधी कोणते प्रश्न विचारावेत, याची दहा कलमे त्यात आहेत. सापडलेल्या रोगावर इलाज आहे का, लवकर सापडल्याने फरक पडतो का, इलाज कोणावर करायचा हे ठरलेले आहे का, खर्च आणि लाभ यांचा मेळ बसतो का, असे प्रश्न. "करून टाकायला हरकत काय" हे त्यात कलम नाही.

ते का नाही, याचा धडा जपानने सोसला. तिथे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सहा महिन्यांच्या प्रत्येक बाळाची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कर्करोगाचा शोध घेत. सुई नाही, किरणे नाहीत, फक्त एक ओला कागद. हेतूही निखळ. भराभर कर्करोग सापडू लागले. मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या, औषधे दिली गेली. पण २००२ साली जर्मनी आणि कॅनडा इथल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवले की अशा तपासणीने रोग जास्त सापडतो, मृत्यू मात्र कमी होत नाहीत. सापडलेल्या गाठींतल्या कितीतरी आपोआप विरून जाणाऱ्या होत्या. पुढच्या एक-दोन वर्षांत जपानने तो कार्यक्रम थांबवला. तोवर कितीतरी घरांनी आमच्या फुगवट्यापेक्षा शेकडोपट मोठी भीती, आणि काहींनी त्याहूनही वाईट, भोगले होते. तपासणी निरुपद्रवी असते. तिच्यामागून येणारी रांग निरुपद्रवी नसते.

रांगेवरून आठवले. दुसऱ्या सोनोग्राफीसाठी आम्ही सकाळी साडेनऊला जाऊन बसलो होतो. बाकावर शेजारी मोखाड्याकडची एक बाई होती. सातवा-आठवा महिना असावा. पाय सुजलेले, चेहराही सुजलेला. पहाटेच्या एसटीने घाट उतरून आली होती, बरोबर सासू. आम्ही नंबर आधी लावला होता, फोनवरून. आम्ही आत गेलो, पोराच्या पोटातला तोच फुगवटा पुन्हा मोजून घेतला आणि बाहेर आलो. तेवढ्यात डॉक्टरांना दुसरीकडे निघायचे होते आणि उरलेल्यांना दुपारनंतर यायला सांगण्यात आले. सासू मला विचारत होती, "भाऊ, चारची एसटी गावेल का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या बाईची सोनोग्राफी झाली का, तिचे बाळंतपण कसे झाले, ठाऊक नाही. पण आम्ही घेतलेली ती दहा मिनिटे कोणाच्या खात्यातून वळती झाली, हे मला ठाऊक आहे.

हे कोणी मुद्दाम करत नाही. सोनोग्राफीचे यंत्र ही आपल्याकडे मुळातच बंदोबस्तातली वस्तू आहे, आणि ते योग्यच आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते, ते उचलून गावोगाव फिरवता येत नाही. म्हणून डोंगरपट्ट्यातल्या माणसाने यंत्राकडे यायचे असते. यंत्र थोडी, ती वाचू शकणारे डॉक्टर त्याहून थोडे. अशा जिल्ह्यात "करून टाकू" म्हणणारा प्रत्येक सुखवस्तू आजोबा कोणाची तरी चारची एसटी चुकवत असतो. आणि उलटही आहे: बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणाऱ्या बापाला अशी चिठ्ठी मिळाली, तर तीन सोनोग्राफ्या, तीन खाडे आणि प्रवास हा त्याच्या घरातला लहान खर्च नसतो. मला पेन्शन आहे. त्याला नाही.

सरसकट तपासणी वाईटच, असे माझे म्हणणे मुळीच नाही. उलट, मुलांच्या तपासणीचा देशातला सर्वांत मोठा कार्यक्रम, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो आमच्या पालघरातच. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्या दिवशीचा मांडव आणि हेलिकॉप्टरची धूळ इथल्या अनेकांना आठवत असेल. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मदोष, कमतरता, आजार आणि वाढीतली दिरंगाई अशा चार सदरांत तीस गोष्टी तपासायच्या, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक जायचे, अशी त्याची रचना. जन्मदोषांच्या यादीत काय आहे, हे मी मुद्दाम पाहिले. दुभंगलेले ओठ-टाळू आहे, वाकडे पाऊल आहे, जन्मजात मोतीबिंदू आहे, हृदयाचे दोष आहेत. आणि जन्मजात बहिरेपण आहे. कानाजवळच्या छिद्रासाठी किडनीची सोनोग्राफी नाही.

यादीतल्या त्या एका शब्दाने मला दुसऱ्यांदा ओशाळायला लावले.

नात अकरा महिन्यांची असताना लस द्यायला नेली. नव्या डॉक्टरीणबाईंनी कानाजवळचे छिद्र पाहिले आणि विचारले, "ऐकण्याची तपासणी झाली का?" मी अभिमानाने फाइल पुढे केली. "किडनीची झाली. तीनदा." त्या म्हणाल्या, "मी कानाचं विचारतेय, आजोबा."

कानाला छिद्र, आणि आम्ही अकरा महिने पोट तपासत होतो. कानाकडे कोणीही पाहिले नव्हते. इस्राएलमध्येच २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अडुसष्ट हजारांवर नवजात बाळांचे ऐकणे तपासले होते. कानाजवळ छिद्र किंवा गाठोळी असलेल्यांत कायमचे कमी ऐकू येण्याचे प्रमाण हजारी आठ निघाले, इतरांत हजारी दीड. म्हणजे पाचपट. आणि ही तपासणी सोनोग्राफीहून सोपी. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवतात, यंत्र बारीक आवाज करते आणि आतल्या कानाचा प्रतिसाद टिपते. काही मिनिटांत होते. त्यात शंका आली तर 'बेरा' नावाची पुढची तपासणी करतात. मुख्य म्हणजे, इथे लवकर कळल्याने आयुष्य बदलते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, असे वेळापत्रक जगभर मानतात, कारण पोर बोलायला शिकते ते ऐकून. ते महिने पुन्हा येत नाहीत. विल्सन-युंगनर यांच्या कलमांना ही तपासणी पुरी उतरते.

आमच्या नातीचे ऐकणे व्यवस्थित निघाले. पण ते आमच्या हुशारीने नव्हे. निघाले नसते, तर मी तिचे अकरा महिने एका फुगवट्यापायी घालवले असते.

म्हणून ज्यांच्या घरी असे बाळ आले आहे, त्यांना या आजोबाचा अनुभव सांगतो. बाळाला एकदा बालरोगतज्ज्ञांकडून पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घ्या. कानाचा आकार, मान, टाळू, हृदय, सगळे. गरोदरपणात पाचव्या महिन्याच्या सुमाराची सोनोग्राफी झाली असेल तर तो कागद बरोबर न्या. त्यात मूत्रपिंडे बहुधा पाहिलेली असतात. माहेर आणि सासर दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोणाला लहानपणापासून कमी ऐकू येते का, कोणाच्या कानाजवळ किंवा मानेवर भोक आहे का, कोणाला मूत्रपिंडाचा आजार होता का. त्यांना बोलायला आवडते. त्यांना विचारले तर ते सोनोग्राफीपेक्षा जास्त सांगतात. यातले काही निघाले, कानच वेडावाकडा किंवा अर्धवट असला, किंवा आईला गरोदरपणी मधुमेह होता, तर सोनोग्राफी जरूर करा, आणि तेव्हा खर्चाची काळजी करू नका. यातले काहीच नसेल तर करू नका. ऐकण्याची तपासणी मात्र सगळ्यांनी करा. छिद्र लाल झाले, सुजले, पाणी येऊ लागले तर डॉक्टरकडे जा. आणि डॉक्टर "गरज नाही" म्हणाले, तर ते आळशी आहेत असे समजू नका. "गरज नाही" म्हणायला चिठ्ठी लिहिण्यापेक्षा जास्त वाचावे लागते आणि जास्त हिंमत लागते.

परवा नात सुट्टीला आली होती. आता पळते, भांडते, आणि आतल्या खोलीत कोणी हळू आवाजात आइस्क्रीमचे नाव काढले तरी बाहेर येते. तिला घेऊन मी पालघरच्या बाजारात गेलो, आजीच्या बांगडीचा टाका सुटला होता तो लावायला. सोनाराने तिला ओळखले. बाकावर उभी करून डाव्या कानाचे केस मागे सारले आणि छिद्र पाहिले.

"पिकलं नाही ना कधी?"

"नाही," मी म्हटले.

"मग मी काय सांगितलं होतं?"

मी काही बोललो नाही. बांगडीचे पैसे दिले आणि पोरीला खाली उतरवले.